एक खर्डा, अनेक कामे: फँटसी लिहिणाऱ्याने वाचन आणि लेखन कसे मांडावे

मराठीत फँटसी लिहिणाऱ्याच्या टेबलावर एकच काम असे सहसा नसते. मोठी कादंबरी चालू असते, दिवाळी अंकाला कबूल केलेली कथा डोक्यात असते, मुलांसाठीचे पुस्तक अर्ध्यावर असते, एखाद्या श्राव्य मालिकेची संहिता कोणी तरी मागितलेली असते, आणि या सगळ्यांच्या आधी नोकरी किंवा घर उभे असते. अशा धावपळीत पहिली काट वाचनावर बसते, कारण वाचन न केल्याबद्दल कोणाचाही फोन येत नाही. नाशिकमध्ये लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींशी बोलताना ही तक्रार मी वारंवार ऐकते, आणि तिच्यावर मला जे उत्तर कामाचे वाटते ते येथे सविस्तर मांडत आहे. ते थोडक्यात असे: एका वेळी एकच काम खर्ड्याच्या अवस्थेत असावे आणि बाकीची सर्व कामे त्या काळात वाचनाच्या बळावर पुढे सरकावीत. वाचनाला लेखनाच्या वेळापत्रकात स्वतःची जागा मिळाली की एकाच वेळी चार कामे जिवंत ठेवता येतात. ती जागा नसेल तर दोन कामेही एकमेकांना खातात.

पहिली पायरी: प्रत्येक कामाची अवस्था ठरवणे

एका कोऱ्या कागदावर हातातील सगळी कामे लिहून काढावीत. कबूल केलेली, सुरू केलेली, नुसती मनात असलेली, अशी सगळी. प्रत्येकापुढे त्याची मुदत न लिहिता आधी त्याची अवस्था लिहावी. मी पाच अवस्था मानते: बीज, मुरवण, खर्डा, झाकण आणि पुनर्लेखन. बीज म्हणजे एक प्रसंग, एक पात्र किंवा एक प्रश्न एवढेच हाती असणे. मुरवण म्हणजे त्या जगाचे वाचन आणि टिपणे चालू असणे. खर्डा म्हणजे रोज नवे पान लिहिले जाणे. झाकण म्हणजे पूर्ण झालेला खर्डा काही काळ बाजूला ठेवणे. पुनर्लेखनाचा अर्थ उघड आहे. मुद्रितशोधनही मी त्यातच धरते.

या यादीत ‘खर्डा’ या शब्दापुढे एकाहून अधिक नावे आली, तर गोंधळाचे मूळ तेथेच आहे असे समजावे. मुरवणीत तीन कामे चालतील, झाकलेली दोन चालतील, बीजे कितीही असू द्यावीत. खर्डा मात्र एकच.

हा नियम फँटसीसाठी इतका कडक का, हे समजून घ्यायला हवे. हरी नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून सामाजिक व ऐतिहासिक अशा दोन्ही प्रकारच्या कादंबऱ्या क्रमशः लिहिल्या. मग आपल्याला दोन खर्डे एकत्र का चालवता येऊ नयेत, असा प्रश्न रास्त आहे. फरक असा, की सामाजिक कादंबरीतील पुणे लेखकाच्या आणि वाचकाच्या डोक्यात आधीच तयार असते. वाड्याला चौक असतो, विधवेला काय सोसावे लागते, चिठ्ठी कोणाबरोबर पाठवतात, हे सांगावे लागत नाही. फँटसीत नदी कोणत्या दिशेने वाहते येथपासून ते मंत्र म्हटल्यावर म्हणणाऱ्याचे काय झिजते येथपर्यंत सर्व काही लेखकाला स्वतः उभे करून तोलून धरावे लागते. खर्डा चालू असताना ते सगळे जग एकाच वेळी डोक्यात असते. अशी दोन जगे रोज आलटून पालटून उतरवायची म्हटली, की बसल्यानंतरचा पहिला तास कोणत्या जगात कोणता नियम होता हे आठवण्यातच जातो.

वि. वा. शिरवाडकरांचे उदाहरण या दृष्टीने मला फार उद्बोधक वाटते. कविता त्यांनी ‘कुसुमाग्रज’ या नावाने लिहिली. नाटके, कथा, कादंबऱ्या स्वतःच्या नावाने लिहिल्या. त्यांच्या मनात त्यामागे काय होते याविषयी मी काही म्हणणार नाही, पण आपल्यासाठी त्यातून घेण्यासारखी सवय स्पष्ट आहे: वेगळ्या प्रकारच्या कामाला वेगळे दार असावे. टोपणनाव घेण्याची गरज नाही. वेगळी वही, वेगळी फाइल आणि शक्य असल्यास बसण्याची वेगळी जागा एवढे पुरे होते.

दुसरी पायरी: काय वाचायचे ते ठरवणे

नवे फँटसीकार बहुधा फँटसीच वाचतात, आणि तीही इंग्रजीतील. ते वाचावेच, आपल्या प्रकारात आज कोण काय करत आहे हे माहीत नसणे लेखकाला परवडणारे नाही. मराठीपुरते बोलायचे तर नाशिकमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये जे ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याच्या अध्यक्षपदी जयंत नारळीकरांसारखे विज्ञानकथाकार होते. कल्पनेच्या साहित्याला मराठीत आता वेगळी ओळखपत्रे दाखवावी लागत नाहीत. तरीही केवळ फँटसी वाचून लिहिलेली फँटसी ही उसन्या लाकडाची असते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक जे. आर. आर. टॉल्किन हे ऑक्सफर्डमध्ये प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि जुने उत्तर युरोपीय वाङ्मय वाचणे हा त्यांचा व्यवसायच होता. अमेरिकी फँटसीकार अर्सुला ले ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्रज्ञ होते आणि निरनिराळ्या समाजांच्या रीतिभाती, दंतकथा यांच्या सान्निध्यात त्या वाढल्या. या दोघांनी उभी केलेली जगे भक्कम का वाटतात याचे उत्तर त्यांच्या फँटसीबाहेरच्या वाचनात सापडते.

आपल्याकडे त्या तोडीचे साहित्य हाताशी आहे. गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ पैशाची या प्राकृत भाषेत होती आणि ती आज उपलब्ध नाही. परंतु तिच्यावर आधारलेला सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’ अकराव्या शतकात काश्मीरमध्ये रचला गेला आणि तो मराठी अनुवादातही वाचता येतो. त्यातील कथापीठ या पहिल्या भागात गुणाढ्य सातवाहन राजाच्या दरबारात दाखवला आहे. राजाने नाकारलेली कथा तो अरण्यात पशुपक्ष्यांना वाचून दाखवत एकेक पान अग्नीत टाकतो आणि सात लक्ष श्लोकांपैकी एक लक्षच उरतात, ही हकीकत कोणत्याही फँटसीकाराने मुळातून वाचावी. कथेत कथा, तिच्यात आणखी कथा, ही रचना सोमदेव कशी सांभाळतो, कोणत्या ठिकाणी आतली कथा संपवून बाहेर येतो, हे पेन्सिल हातात घेऊन पाहावे. अनेक धागे एकाच वेळी हाताळण्याचे धडे तेथे जितके मिळतात तितके लेखनशास्त्रावरील पुस्तकांत मला मिळालेले नाहीत.

सातवाहनांचा विषय निघाला की नाशिककराला दूर जावे लागत नाही. त्रिरश्मी डोंगरावरील पांडवलेण्यांत २४ लेणी आहेत आणि त्यांतील ब्राह्मी लिपीतले प्राकृत कोरीव लेख हे फँटसी लिहिणाऱ्यासाठी मोठेच धन आहे. येथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण वस्तुस्थितीचे वाचन कसे करावे याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. तो तिच्या नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या, एकोणिसाव्या राज्यवर्षातला आहे. त्यात तिने आपल्या दिवंगत पुत्राचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, वर्णन ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले असा राजा या अर्थाच्या शब्दांत केले आहे. सामान्य वाचक हे वाचून थक्क होतो आणि पुढे जातो. फँटसीकाराने थांबून विचारावे, की ही बिरुदे कोण सांगते आहे? एक आई सांगते आहे, मुलाच्या पश्चात, नातवाच्या राज्यात, भिक्षूंना लेणे दान देताना. एवढ्या एका प्रश्नातून आपल्या कादंबरीतील राजाचे वर्णन कोणाच्या तोंडी घालायचे याचा निर्णय बदलू शकतो.

त्याच लेण्यात गौतमीपुत्राच्या चोविसाव्या राज्यवर्षातील एक राजाज्ञा कोरलेली आहे. भिक्षूंना पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही आणि त्या शेताचे गावही वसलेले नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या जमिनीतून १०० निवर्तने (निवर्तन हे जमिनीचे जुने माप) द्यावीत, असा तिचा आशय आहे. ही आज्ञा राजा आणि राजमाता या दोघांच्या नावे आहे. मला विचाराल तर तीन समुद्रांच्या बिरुदापेक्षा ही ओळ अधिक मोलाची आहे. राजाने दान दिले आणि ते दान ओस गावात निघाले! पराक्रमी राज्यातसुद्धा कागदावरची जमीन आणि पायाखालची जमीन यांत अंतर असते, आणि ते अंतर कोणाला तरी राजाच्या कानावर घालावे लागते. ते घालणारा कारकून हे एक पात्र झाले.

दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३,००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघटनांकडे, ठेवली. त्यांपैकी २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे होते. हिशेब करून पाहा: २,००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे वर्षाला २४०, आणि वीस गुणिले बारा म्हणजेही २४०. आकडे तंतोतंत जुळतात. शिवाय हे सगळे निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवले गेले आणि फलकावर नोंदले गेले असेही लेख सांगतो. म्हणजे विणकरांची संघटना ही पेढीही होती, तिच्यावर राजघराण्याचा विश्वास होता आणि व्यवहाराला साक्षी होते. आपल्या कल्पित नगरीत ‘व्यापारी संघ’ असे दोन शब्द लिहून मोकळे होणाऱ्या लेखकाने हा एक लेख नीट वाचला, तर त्या संघाला कार्यालय, दर, नोंदवही आणि भांडणे मिळतील.

हे वाचण्यासाठी ब्राह्मी येणे आवश्यक नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा नाशिकवरील सोळावा खंड १८८३ मध्ये निघाला आणि त्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केलेले लेण्यांचे व लेखांचे विवेचन आहे. त्याच खंडात पिके, बाजार, घाटवाटा, जातीजमातींच्या रीती यांची माहिती आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या नजरेचे दोष त्यात जागोजागी आहेत, तेव्हा सावधपणे वाचावे; पण एखाद्या प्रदेशाचे संपूर्ण जग कोणत्या विभागांत मांडता येते याचा आराखडा म्हणून गॅझेटिअरची अनुक्रमणिकाच नुसती समोर ठेवावी आणि आपल्या कल्पित प्रदेशासाठी तिचे एकेक प्रकरण भरू पाहावे. जे प्रकरण रिकामे राहते ते आपले पुढचे वाचन.

कोशांचे वाचन मी वेगळे धरते. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते–कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. जुनी हत्यारे, बैलगाडीचे भाग, वाऱ्यांची नावे, किल्ल्याच्या तटबंदीचे तपशील यांसाठी कोशात शिरावे. मात्र एका बैठकीत पाच-सहा शब्दांपलीकडे घेऊ नयेत. कोशातून ओंजळभर शब्द आणून एकाच परिच्छेदात ओतले, की तो परिच्छेद प्रदर्शनासारखा दिसतो आणि वाचक पात्रापासून तुटतो.

तिसरी पायरी: अवस्थेप्रमाणे वाचन बदलणे

बीजावस्थेत हावरटपणे आणि दिशाहीन वाचावे. रद्दीत आलेले जुने मासिक, शेतीचे पुस्तक, प्रवासवर्णन, ओव्यांचा संग्रह, काहीही. येथे टिपणांचीही घाई नको.

मुरवणीत मात्र वाचनाला प्रश्न हवेत. ‘नदीकाठच्या संस्कृतीवर वाचतो’ असे म्हणून काही होत नाही. ‘पूर येणार हे नदीकाठच्या माणसांना कशावरून कळत असे’ हा प्रश्न घेऊन बसले म्हणजे वाचन पुढे जाते. प्रत्येक कामासाठी मुरवणीच्या सुरुवातीला असे दहा-बारा प्रश्न लिहून ठेवावेत आणि त्यांची उत्तरे मिळत जातील तशी खूण करावी. निम्म्याहून अधिक प्रश्नांवर खूण झाली की ते काम खर्ड्याला लायक झाले असे मानायला हरकत नाही. सगळी उत्तरे मिळेपर्यंत थांबणारा लेखक खर्ड्याला कधीच बसत नाही.

खर्डा चालू असताना आपल्याच भाषेतील, आपल्याच प्रकारातील, आवडत्या लेखकाचे पुस्तक हातात घेऊ नये. दुसऱ्याची लय नकळत आपल्या वाक्यांत शिरते, आणि ती शिरली आहे हे आपल्याला पुनर्लेखनापर्यंत समजत नाही. या काळात मी कविता, चरित्रे, इतिहास आणि शास्त्रविषयक पुस्तके वाचते. त्याचबरोबर जी कामे मुरवणीत आहेत त्यांचे वाचन करते, आणि येथेच या पद्धतीचा खरा लाभ आहे: सकाळी डोंगरातील राज्याचा खर्डा लिहून झाल्यावर संध्याकाळी मुलांच्या पुस्तकासाठी पक्ष्यांच्या स्थलांतरावर वाचले, तर दुसरे काम पुढे सरकते आणि पहिल्याला धक्काही लागत नाही.

पुनर्लेखनाच्या वेळी फार बांधीव गद्य वाचावे आणि थोडे मोठ्याने वाचावे. स्वतःचे पानही मोठ्यानेच. मराठी वाक्याचा क्रियापदावर येणारा तोल कानालाच समजतो. डोळा तो सोडून देतो.

चौथी पायरी: दोन प्रकारच्या वह्या

पहिली वही वाचनाची. ती सर्व कामांना मिळून एकच असावी, कारण आज एका कामासाठी वाचलेले उद्या दुसऱ्याच्या उपयोगी पडते. प्रत्येक नोंदीत पुस्तकाचे नाव, पानाचा क्रमांक, माहिती स्वतःच्या शब्दांत आणि शेवटी ती कोणत्या कामाला लागू आहे त्याचे एक-दोन अक्षरी चिन्ह, एवढे असले म्हणजे झाले. जशीच्या तशी वाक्ये उतरवायचीच असतील तर त्यांना अवतरणचिन्हे न चुकता द्यावीत. वर्ष-दोन वर्षांनी ती वही उघडल्यावर कोणते वाक्य आपले आणि कोणते दुसऱ्याचे हे आठवत नाही, आणि त्यातून होणारी उसनवारी कोणत्याही लेखकाला शोभणारी नाही.

दुसरी वही जगाची. ती मात्र प्रत्येक कामाची स्वतंत्र. पात्रांची नावे, नात्यांचा तक्ता, नकाशा, जादूचे नियम आणि त्या जादूची किंमत हे त्यात सर्वच जण लिहितात. मराठीत लिहिणाऱ्याला याखेरीज काही नोंदी ठेवाव्या लागतात आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष झाल्याच्या खुणा छापील पुस्तकांत मला नेहमी दिसतात.

त्यातली पहिली नोंद कल्पित नावांच्या सामान्यरूपाची. तुम्ही एका नगरीला ‘मेरणे’ असे नाव दिले, तर तेथे जाणारा माणूस ‘मेरण्याला’ जातो की ‘मेरणेला’? पुणे आणि ठाणे यांच्या वळणाने ‘मेरण्याला’ स्वाभाविक वाटते. पण परकीय भाषेचा आभास हवा असेल तर ‘मेरणेला’ मुद्दाम ठेवता येते. ‘इरवा’ हे प्रदेशाचे नाव असेल तर गोव्याप्रमाणे ‘इरव्यात’ होईल. तेच माणसाचे नाव असेल तर ‘इरवाने’ असे न बदलता ठेवणे बरे दिसेल. एकदा ठरवून वहीत लिहावे. तीन खंडांच्या कादंबरीत पहिल्या खंडात ‘मेरण्याला’ आणि तिसऱ्यात ‘मेरणेला’ आले, तर मुद्रितशोधकही हताश होतो. कल्पित नावांचे ऱ्हस्व-दीर्घ आणि लिंगही येथेच नोंदवावे. आपल्या कल्पित तलवारीला ‘तो’ म्हणायचे की ‘ती’, हे शब्दकोश सांगणार नाही.

दुसरी नोंद संबोधनाची. कोण कोणाला ‘तू’ म्हणते, कोणाला ‘तुम्ही’, कोणाला ‘आपण’, याचा तक्ता करावा. मराठीत देवाला आणि आईला ‘तू’ म्हणतात आणि परक्या माणसाला ‘तुम्ही’. तुमच्या कल्पित समाजात हा संकेत कसा आहे? सेनापती आणि राणी एकांतात एकमेकांना काय म्हणतात, आणि दरबारात काय? कथेच्या मध्यावर एखाद्याने ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणे ही मराठीत मोठी घटना ठरते. पण आधीची सगळी पाने एका शिस्तीने लिहिली असतील तरच ती वाचकाला घटना म्हणून जाणवते.

तिसरी नोंद कालमापनाची आणि मोजमापांची. तास-मिनिटे टाळायची असतील तर प्रहर म्हणजे तीन तास आणि घटका म्हणजे २४ मिनिटे हे समोर लिहून ठेवावे, म्हणजे ‘घटकाभरात दहा कोस’ असले अशक्य प्रवास घडणार नाहीत. चंद्रावर चालणारी दिनदर्शिका घेतली असेल तर महिना अमावास्येला संपतो, जसा आपल्याकडे, की पौर्णिमेला, जसा उत्तरेत, हेही ठरवावे. अमावास्येच्या रात्री चांदणे पडलेले मी एकाहून अधिक हस्तलिखितांत वाचले आहे.

पाचवी पायरी: आठवडा आणि वर्ष

दिवसाचा सर्वांत ताजा वेळ खर्ड्याला द्यावा. नोकरी करणाऱ्याला तो बहुधा पहाटे मिळतो. शब्दसंख्येचे लक्ष्य लहान ठेवावे. रोज ३०० शब्द, आठवड्यातून पाच दिवस आणि वर्षातून ४० आठवडे, असे धरले तरी ६०,००० शब्द होतात, आणि तेवढ्यात मध्यम आकाराची कादंबरी बसते. उरलेले बारा आठवडे लग्नकार्ये, आजारपणे आणि सणवार यांसाठी आधीच सोडलेले असल्यामुळे अपराधीपणाही वाटत नाही. इंग्रजी कादंबरीकार अँथनी ट्रोलोप टपालखात्यात नोकरी करत असे आणि पहाटे घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहीत असे, असे त्याने आत्मचरित्रात सांगितले आहे. त्याचा वेग आपल्याला झेपायचा नाही. पण लिहायला बसल्यावर पहिला अर्धा तास तो आदल्या दिवसाचे लेखन वाचण्यात घालवी, ही गोष्ट मात्र जरूर उचलावी.

संध्याकाळ वाचनाची. रोज २० पाने म्हणजे महिन्याला ६०० पाने. आठवड्यातील दिवस कामांना वाटून द्यावेत, म्हणजे सोमवार-मंगळवार मुलांच्या पुस्तकाचे वाचन, बुधवार-गुरुवार पुढच्या कादंबरीचे. शनिवार मोकळा ठेवावा आणि त्या दिवशी कोणत्याही कामाशी संबंध नसलेले, केवळ आनंदासाठी वाचावे. हा शनिवार कोणत्याही मुदतीसाठी मोडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ज्या वाचनाच्या ओढीने आपण लिहू लागलो ते वाचन उपयोगाच्या हिशेबातून सुटलेले राहिले पाहिजे.

एका कामावरून दुसऱ्यावर जायचेच झाले, म्हणजे प्रकाशकाकडून मुद्रिते आली किंवा संपादकाने कथा परत पाठवून दुरुस्ती मागितली, तर चालू खर्डा सोडण्यापूर्वी एक ‘उतारपान’ लिहावे. कोण कोठे उभे आहे, कोणाला काय ठाऊक आहे आणि काय नाही, पुढचा प्रसंग कोणता, त्यातले पहिले वाक्य काय असेल, आणि अनिर्णित गोष्टी कोणत्या. हे पान लिहायला वीस मिनिटे लागतात आणि परतल्यावर ते कित्येक दिवस वाचवते. एकाच दिवशी दोन्ही कामे करू नयेत. दुरुस्तीचे काम सलग उरकून मग परतावे.

वर्षाची आखणी आपल्याकडे दिवाळी अंकाभोवती फिरते, आणि १९०९ मध्ये ‘मासिक मनोरंजन’ने सुरू केलेली ही परंपरा मराठी लेखकाला मिळालेले वरदान आहे असे मला वाटते, कारण ती लेखनाला ऋतू देते. संपादकांची पत्रे साधारणतः पावसाळ्याच्या तोंडावर येऊ लागतात. म्हणून कथेची मुरवण फेब्रुवारीपासून धरावी आणि कादंबरीचा खर्डा मेच्या सुमारास एखाद्या प्रकरणाच्या शेवटी आणून थांबवावा. जून-जुलैमध्ये कथेचा खर्डा आणि पुनर्लेखन करावे. एवढ्या अवधीत फँटसीच्या दोन कथा होतात. पाच कबूल करू नयेत. दिवाळीनंतर मार्चपर्यंतचा थंड, सलग काळ मोठ्या कादंबरीसाठी राखून ठेवावा. ब्रँडन सँडरसन हा अमेरिकी फँटसीकार आपल्या महाकाय मालिकेच्या दोन खंडांच्या मध्ये वेगळ्या धाटणीचे लहान पुस्तक लिहितो, आणि मार्च २०२२ मध्ये त्याने कोणालाही न सांगता लिहिलेल्या चार कादंबऱ्या एकदम जाहीर केल्या. त्याच्या संख्येवर जाऊ नये. लहान काम मोठ्याच्या मध्ये न घुसवता दोन मोठ्यांच्या फटीत बसवणे, हे त्याच्याकडून घ्यावे.

सहावी पायरी: ग्रंथालय कामाला लावणे

सगळी पुस्तके विकत घेणे कोणाला शक्य नसते, आणि नाशिककराला त्याची गरजही नाही. सार्वजनिक वाचनालय, ज्याला सगळे ‘सावाना’ म्हणतात, ते १८४० पासूनचे आहे. सभासद होऊन केवळ नव्या कादंबऱ्या बदलून आणण्यापुरता त्याचा उपयोग करू नये. संदर्भ विभागात बसावे आणि ग्रंथपालाला आपला प्रश्न सांगावा. पुस्तकाचे नाव न मागता प्रश्न सांगितला, तर आपल्याला माहीतही नसलेले पुस्तक टेबलावर येते.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांमध्ये फिरवल्या जातात. ही कल्पना लेखकांनी आपापसांत छोट्या प्रमाणावर राबवण्याजोगी आहे. फँटसी लिहिणाऱ्या चार-पाच जणांनी मिळून एक पेटी करावी. प्रत्येकाने आपल्या मुरवणीतील कामाची तीन पुस्तके घालावीत आणि दोन महिन्यांनी पेटी पुढे सरकवावी. दुसऱ्याच्या जगासाठी निवडलेले पुस्तक आपल्या हाती पडणे फार फलदायी ठरते, कारण ते आपण होऊन कधीच निवडले नसते.

सातवी पायरी: अडले की पळ काढतो आहोत, हे ओळखणे

अनेक कामे हाती असलेल्या लेखकाला मोह असतो तो हा: खर्डा अवघड जागी आला की दुसऱ्या कामाची नवी, कोरी कल्पना अतिशय आकर्षक दिसू लागते. त्या क्षणी स्वतःला एक प्रश्न विचारावा. पुढचा प्रसंग कोणता हे मला माहीत आहे का?

माहीत असेल आणि तरीही लिहवत नसेल, तर जागचे हलू नये. तो प्रसंग वाईट लिहावा, पण लिहावा. पुनर्लेखन त्यासाठीच असते. माहीत नसेल आणि कारण माहितीचा अभाव असेल, उदाहरणार्थ वेढा पडलेल्या किल्ल्यात पाणी किती दिवस पुरते हे ठाऊक नसेल, तर वाचनाला जावे. पण मुदत घालून, एका आठवड्याच्या आत परत यावे. आणि पुढचा प्रसंग माहीत नसण्याचे कारण कथेचा कणाच चुकला आहे असे असेल, म्हणजे पात्राला काय हवे आहे हे तुम्हालाच सांगता येत नसेल, तर उतारपान लिहून ते काम झाकावे आणि यादीत त्याची अवस्था बदलावी. मगच मुरवणीतून दुसरे काम खर्ड्याच्या जागी आणावे. झाकलेल्या कामावर तारीख टाकून ठेवावी आणि तीन महिन्यांच्या आत ते उघडू नये. उघडताना आधी जगाची वही वाचावी, मग मूळ प्रश्नांची यादी, आणि सर्वांत शेवटी खर्डा.

अवस्थांचा मूळ कागद वर्षातून एकदा नव्याने लिहावा. दिवाळीनंतरचा आठवडा त्यासाठी सोयीचा पडतो, कारण अंक हाती आलेले असतात, देणी फिटलेली असतात आणि ग्रंथालयाची पुस्तके परत करण्याची वेळही झालेली असते. दोन वर्षे बीजावस्थेतच पडून राहिलेली नावे या वेळी नव्या कागदावर उतरवू नयेत. त्यांची टिपणे वाचनाच्या वहीत आहेतच. तेथून ती दुसऱ्या कामाच्या उपयोगी पडतील. मग नव्या वर्षाच्या खर्ड्यासाठी एकच नाव निवडावे, त्याच्या प्रश्नांची यादी समोर लावावी आणि त्यातील पहिला अनुत्तरित प्रश्न घेऊन त्याच आठवड्यात ग्रंथालयात जावे.